खाड्या मोजत पणजीपर्यंत

मुंबई ते पणजी सायकलने जायचं म्हटलं की लोक पहिलं विचारतात, ‘किती दिवस?’ आमच्याकडे हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला. त्याआधी बरेच आठवडे वाद चालला तो रस्त्याचा. माझा मित्र ब्रेव्हेवाला आहे, म्हणजे दोनशे, तीनशे, चारशे किलोमीटर ठरलेल्या तासांत पुरे करून पदकं जमवणाऱ्यांपैकी. त्याचं म्हणणं सरळ होतं: पनवेलहून महामार्ग धरायचा, मान खाली घालायची आणि ती तिसऱ्या रात्री पणजीत वर करायची. सायकल चालवण्याची हीही एक रीत आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण या रस्त्यावर ती मला पटेना.

मुंबई–गोवा महामार्गाचं रुंदीकरण हा आता विनोदाचाही विषय राहिलेला नाही. जुना १७ नंबर जाऊन ६६ नंबर आला, कशेडीला बोगदा झाला, तरी आमच्या पिढीने हा रस्ता पूर्ण झालेला असा पाहिलेलाच नाही. पण माझी तक्रार खड्ड्यांची नाहीच. माणगाव, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ अशी ही वाट सह्याद्रीच्या बाजूने खाली उतरते आणि अख्ख्या कोकणातून जाऊनही समुद्र काही दाखवत नाही. सायकलवर सगळा दिवस कंटेनरच्या मागच्या दिव्यांकडे बघत जायचं, तर मग कोकणातून कशाला जायचं?

दुसरा रस्ता म्हणजे सागरी महामार्ग. रेवसपासून रेडीपर्यंत. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८०च्या सुमाराला, या कल्पनेने जोर धरला. तेव्हापासून तो तुकड्यातुकड्यांनी होतो आहे. कुठे रुंद डांबरी, कुठे दोन एसट्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल इतका अरुंद, आणि कुठे तर नाहीच. खाडी आली की रस्ता संपतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतो. हे ‘नाहीच’ मला फार आवडलं. मित्राला तोच भाग सगळ्यात नावडता. ‘फेरीत बसलो तर सायकलिंग कसलं?’ हा त्याचा प्रश्न. तो अजूनही मिटलेला नाही, पण रस्ता माझाच ठरला. त्याचं कारण असं की घरी खरी परवानगी त्याच्या बायकोने दिली आणि तिची अट ‘हायवे नको’ ही होती.

नकाशा पसरून बसलो तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आलं की आपण कोकणाच्या उलट जाणार आहोत. उलट म्हणजे दिशेने नव्हे, घडणीने. सह्याद्रीतून कोकणात उतरलेली प्रत्येक नदी पश्चिमेला धावते, तिच्या दोन्ही बाजूंना डोंगराच्या सोंडा समुद्रापर्यंत येतात, आणि दोन सोंडांच्या मधे खाडी शिरते. माणसाचं येणंजाणंही त्याच अंगाने झालं. बंदरावर उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जायचा: चिपळुणाहून कुंभार्ली, राजापुराहून अणुस्कुरा, वेंगुर्ल्याहून आंबोली. रस्ते आडवे. उभं, म्हणजे उत्तर-दक्षिण जायचं झालं तर होतं गलबत, आणि पुढे आगबोट. दाभोळच्या माणसाला जयगडला जायचं असेल तर तो जमिनीवरून कशाला जाईल?

माझ्या सासऱ्यांनी लहानपणी या बोटींनी प्रवास केला आहे. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’ ही नावं ते अजूनही घरातल्या माणसांसारखी घेतात. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला लागायची. बऱ्याच ठिकाणी धक्का नसे. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे, आणि लुगडं सावरणाऱ्या बाया, ट्रंका, पोरं, कोंबड्या सगळं हाताला धरून खाली उतरवलं जायचं. आमच्या प्रवासाचा कच्चा आराखडा त्यांना दाखवला तेव्हा चष्मा वर करून त्यांनी मुक्कामांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘ही तर बोटीची बंदरं झाली. मग सायकल कशाला मधे घातलीत?’

त्यांचं खरंच होतं. या वाटेवर मुक्काम ठरतात ते किलोमीटरवर नव्हे, खाड्यांवर. कुंडलिका रेवदंड्याला, पुढे राजपुरीची खाडी, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, रत्नागिरीच्या भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला अर्जुना, विजयदुर्गाला वाघोटण, देवबागला कर्ली, मग तेरेखोल, आणि गोव्यात शिवोलीला शापोरा, शेवटी मांडवी. काहींवर पूल आहेत. साळाव, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर इथे सायकल खाली न उतरवता जाता येतं. वाघोटणसाठी थोडं आत शिरावं लागतं. पण आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड इथे आजही फेरीबोट. एक फेरी चुकली तर पुढची मिळते, पण दिवसाची शेवटची चुकली की खेळ खलास. दाभोळहून गुहागरला जमिनीवरून जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा. म्हणून आमच्या वहीत प्रत्येक दिवसाच्या पानावर वर फेरीची वेळ आहे आणि अंतर खाली कोपऱ्यात.

खाडी ओलांडण्याची ही गंमत मी आधी मोटरसायकलवर अनुभवली होती, तवसाळच्या उतारावर. बोट येते तीच मुळी तोंड उघडून. लोखंडी झडप साखळ्यांवर खाली येते, सिमेंटच्या उतारावर आदळते, आणि तिच्यावरून आधी पायी माणसं, मग दुचाक्या, मग गाड्या अशी रीघ लागते. बोटीवरचा पोरगा अनवाणी, एका हातात ओंडक्याचा तुकडा. गाडी थांबली की चाकाखाली लाथेने तो सरकवायचा आणि न बघता पुढच्या गाडीकडे वळायचा. त्याने माझ्या चाकाकडे बघून मला सांगितलं होतं, ‘पुढचा ब्रेक दाबू नका, शेवाळ आहे.’ भरती उतरली की उताराचा खालचा भाग हिरवा आणि गुळगुळीत असतो. सायकलच्या बारीक टायरला, त्यातही बुटाखाली क्लीट, म्हणजे पेडलला अडकणारी खाच, असलेल्या माणसाला, तो धोक्याचाच. म्हणून क्लीटचे बूट रद्द. साधे पट्ट्याचे सँडल आणि सपाट पेडल. मित्राने यावर दोन दिवस अबोला धरला.

चढांचं प्रकरण मात्र गंभीर आहे. ‘किनाऱ्याने जाणार, म्हणजे सपाटच असेल’ असं आम्हाला आतापर्यंत इतक्या लोकांनी सांगितलं आहे की आम्ही आता प्रतिवाद सोडला आहे. खाडीची पातळी शून्य. तिथून वर चढलं की जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे पठार, शंभर-दीडशे मीटरवर, कुठे त्याहून जास्त. सड्यावर थोडं सपाट, मग पुढच्या खाडीत उतार. मग पुन्हा चढ. घाटासारखा एक लांब चढ चढून मोकळं होता येत नाही. आंबोली परवडली असं म्हणायची वेळ येते. नकाशावर चढ-उताराची रेघ काढली की करवतीचे दाते दिसतात. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर धरले तर हजार मीटरच्या आसपास चढाई होते, आणि तीही दहा-दहा, वीस-वीस मिनिटांच्या हप्त्यांनी.

मग आकडेमोड. माझ्या सायकलला पुढे, पेडलजवळ, लहान दातेरी चक्र (चेनरिंग) ३० दातांचं आणि मागे मोठं दातेरी चक्र ३४ दातांचं. म्हणजे पेडलची एक फेरी झाली की सायकल पावणेदोन मीटरहून जराशी जास्त पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेसहा-पावणेसात. चालणाऱ्या माणसापेक्षा थोडाच बरा, पण दहा टक्क्यांच्या चढावर सामानासकट एवढ्यावरच धाप लागते. ज्यांच्या सायकलला याहून जड गिअर आहेत त्यांना मी सांगेन, बाबांनो, कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, बदलून घ्या, नाहीतर केळशीच्या पुढे सायकल हातात धरून चालायची तयारी ठेवा. त्यात लाज कसलीच नाही. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे शाळकरी वयात परीक्षा द्यायला कुंभार्ली चढून साताऱ्याला पायी गेले होते, आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूही दिलं नाही. हे मुरूड आमच्या वाटेवर आहे. तिथून पुढचा चढ चढताना कुरकुर करायला तोंड उरणार नाही.

उतारांचा विचार लोक कमी करतात. खाडीकडे उतरणारे रस्ते अरुंद, वळणाचे, आणि वळणावर वाळलेल्या पानांचा नाहीतर खडीचा थर. नवे ब्रेक पॅड बसवून घेतलेत आणि जोडीला आणखी एक जोड सोबत. बाकी सामानात ट्यूबा, पंक्चरचं साहित्य, चेनची कडी, तेलाची बाटली. तेल जास्त, कारण खारी हवा आणि फेरीवरचे तुषार चेन एका रात्रीत लाल करतात. मुक्कामाला पोचल्यावर आधी गोड्या पाण्याने सायकल धुवायची, मग आपण, असा नियम केला आहे. तो पाळला जाईल असं मला वाटत नाही.

कधी जायचं, यावर मात्र आमचं चटकन एकमत झालं. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचेस बंद असतात, सडे शेवाळलेले असतात. मे महिना म्हणजे आत्महत्या. दिवाळी आणि नाताळ ते एकतीस डिसेंबर या काळात अलिबाग, गणपतीपुळे, मालवण, गोवा इथे पाय ठेवायला जागा नसते, आणि मुंबईकर गाडीवाला सुट्टीत जसा गाडी हाणतो तसा एरवी हाणत नाही. राहिला जानेवारी-फेब्रुवारी. सकाळी गारवा, आंब्याला मोहोर, आणि आणखी एक मोठी सोय, वाऱ्याची. सकाळी वारा जमिनीकडून येतो, तो मंद. दुपार झाली की समुद्राकडून वायव्येचा वारा सुटतो, आणि तो दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीला लागतो. म्हणून मुंबईहून पणजीला जावं, पणजीहून मुंबईला येऊ नये. गलबतवाल्यांना ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक असणार.

निघणंही पाण्यातूनच आहे, कारण सायकलवाल्याला मुंबईतून दक्षिणेला बाहेर पडणं सोपं नाही. शिवडी–न्हावा शेवा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, बावीस किलोमीटरच्या आसपासचा झकास रस्ता. त्यावर मोटरसायकललाही बंदी, मग सायकलला कोण विचारतो? वाशी, पनवेल, पेण, वडखळ या मार्गाने जायचं तर पहिला अर्धा दिवस ट्रेलरच्या धुरात जातो. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घ्यायची. ती २०२०मध्ये सुरू झाली. गाड्यांच्या रांगेत सायकलचं तिकीट काढलं की खाली गाड्यांच्या मजल्यावर कुठल्याशा खांबाला बांधून वर जायचं, आणि तासाभरात मांडव्याला. माझ्या आत्याने मात्र ‘धक्का’ आणि ‘रेवस’ हे दोन शब्द एका वाक्यात ऐकले आणि तिला ‘रामदास’ आठवली. १७ जुलै १९४७, रेवसला जाणारी बोट, गटारीचा दिवस, सहाशेवर माणसं बुडाली. तिच्या आईच्या माहेरचं कोणीतरी त्यात होतं. आम्ही थंडीत जातोय, बोट मोठी आहे, रेवसला नव्हे मांडव्याला, हे सगळं सांगून झालं. ‘फोन कर पोचल्यावर’ एवढंच ती म्हणाली, आणि तो फोन आता वहीत पहिल्या पानावर लिहिलेला आहे.

अलिबाग आडवारी ओलांडायचं. शनिवार-रविवार तिथे सायकल नेणं म्हणजे लग्नाच्या वरातीत शिरणं. काशीद, मुरूड-जंजिरा इथेही फार थांबायचं नाही असं मी ठरवलं आहे. हे सगळं आमचं सहलींमध्ये बघून झालेलं. वेळ द्यायचा तो दिघीच्या पलीकडे. दिवेआगरहून आरावी, शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की उजव्या हाताला काही नाहीच, नुसतं पाणी. इथे मित्रालाही सावकाश चालवायला लावणार आहे. मग हरिहरेश्वर, फेरी, वेश्वी, केळशी, आंजर्ले, आणि संध्याकाळी हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव. लिलाव बघायचा तर उजेड असताना पोचायला हवं. म्हणजे बागमांडल्याची फेरी दुपारच्या आत. म्हणजे दिवेआगर पहाटे सोडायचं. सगळा आराखडा असा उलटा, संध्याकाळकडून सकाळकडे लिहिला गेला आहे.

जेवणाचं शास्त्र वेगळं. कोकणातल्या घरगुती खानावळीत भात माणसं मोजून पडतो. न कळवता दोन सायकलवाले अडीच वाजता टपकले तर ‘संपलं हो’ हेच ऐकायला मिळणार, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून आदल्या रात्री फोन. ‘किती माणसं?’ ‘दोन.’ ‘मासे खाता?’ ‘रात्री खाऊ, दुपारी नको.’ या उत्तरावर पलीकडे क्षणभर शांतता पसरते. पण सुरमईची थाळी आणि सोलकढी पोटात घेऊन सडा चढायचा प्रयत्न ज्याने एकदा केला आहे, तो दुपारी आंबोळी, घावन, कुळथाची पिठी-भात यावर भागवतो. सड्यावर मैलोन् मैल दुकान नाही, सावली नाही, विहीरही नाही. जांभा पाणी धरत नाही, खाली सोडतो. दोन-दोन बाटल्या पुरणार नाहीत, तिसरी कॅरिअरवर. खिशात शेंगदाण्याचे लाडू आणि खजूर.

फेऱ्यांच्या जागी पूल व्हायला निघाले आहेत. रेवस–रेडी नव्याने बांधायचा प्रकल्प पाचशे किलोमीटरच्या आसपासचा आहे, त्यात या मोठ्या खाड्यांवरचे पूल येतात. बाणकोटला अर्ध्यावर राहिलेल्या पुलाचे खांब कैक वर्षं पाण्यात उभे आहेत, पण आता चित्र बदलेल असं दिसतं. सायकलवाल्या मित्रमंडळींत यावर हळहळ ऐकू येते: फेरी गेली की मजा गेली. मला ती हळहळ अर्धीच पटते. धोपाव्यात रात्री कोणाच्या छातीत दुखायला लागलं आणि शेवटची बोट गेलेली असली, तर त्या घराला आमच्या मजेचं काय देणंघेणं? पूल व्हावेतच. फक्त त्यांच्या कडेला दोन हात रुंदीची एक पट्टी चालणाऱ्याला आणि सायकलला सोडावी. दोन राजधान्यांना जोडणाऱ्या सायकलवाटा जगात कमी नाहीत. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हाला डॅन्यूबच्या काठाने एका दिवसात जाता येतं, वळणावळणावर पाट्या आहेत. आपल्याकडे पाट्या नकोत, पण ‘सायकलला प्रवेश नाही’ ही तरी नको.

कारण तीच पाटी पणजीतही आहे. हा योगायोग मला नकाशावर बसल्याबसल्या सापडला आणि मी मोठ्याने हसलो. पर्वरीहून मांडवी ओलांडणारा २०१९चा नवा उंच पूल, त्याचं नावही अटल सेतू, आणि त्यावरही दुचाकींना मनाई. एका राजधानीतून बाहेर पडताना अटल सेतू नाही, दुसरीत शिरताना अटल सेतू नाही. खालचे दोन जुने पूल आहेत, पण त्यांवरच्या गर्दीत दमलेल्या पायांनी शिरण्यापेक्षा बेतीची फेरी बरी. बेतीहून पणजीला गोवा सरकारची बोट जाते आणि काही मिनिटांत माणूस थेट शहराच्या पायरीवर उतरतो. मित्र म्हणतो, शेवट तरी सायकलवर बसून होऊ दे. यावर अजून वाद चालू आहे.

आता राजधानी म्हणण्याबद्दल. काही जणांना मुंबई–गोवा म्हटलं की मजा वाटते, मुंबई–पणजी म्हटलं की सरकारी दौरा वाटतो. मला मात्र या दोन गावांची राजधानीपणाची गोष्टच मोहात पाडते. पणजी १८४३पासून गोव्याची राजधानी, पोर्तुगिजांच्या काळातली. मुंबई १ मे १९६०पासून महाराष्ट्राची. आणि १६ जानेवारी १९६७ला गोव्यात कौल घेतला गेला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही म्हणून. चौतीस हजारांच्या फरकाने विलीनीकरण हरलं. तो निकाल उलटा लागता तर पणजी आज फार तर जिल्ह्याचं ठाणं असतं आणि आमची ही सहल एका राज्याच्या पोटातच संपली असती. आमच्या घरी या विषयावर दोन मतं आहेत, कारण सासुबाईंचं माहेर पेडण्याचं. जेवताना हा विषय काढायचा नाही असा अलिखित करार आहे.

हद्द ओलांडण्याची जागाही बघण्यासारखी आहे. शिरोडा सोडलं (इथेच १९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला), रेडी आली, आणि पुढे नदीच्या अलीकडच्या काठावरच गोवा सुरू होतो: तेरेखोलचा किल्ला. नदीच्या उत्तरेला असूनही तो गोव्याचा. १५ ऑगस्ट १९५४ला सत्याग्रहींनी त्याच्यावर तिरंगा चढवला होता. तिथून केरीला फेरी. ती मिळाली नाही तर मागे येऊन आरोंद्याहून किरणपाणीच्या पुलावरून पेडण्यात शिरायचं, म्हणजे सासुबाईंच्या माहेरी. ही पर्यायी वाट घरात सगळ्यांना फार आवडली आहे. फेरी चुकावी अशीच त्यांची इच्छा दिसते.

परतीचं मी आधी धरलंच नव्हतं. कोकण रेल्वे आहे की. पण सायकल काखेत मारून डब्यात चढता येत नाही. ती पार्सल ऑफिसात द्यायची, पेडल काढून, हँडल वळवून, गोणपाट शिवून, आणि गार्डच्या बाजूच्या डब्यातून ती येते. मडगावला ही सोय नीट आहे, म्हणजे पणजीहून आणखी तीस-पस्तीस किलोमीटर दक्षिणेला जायचं आणि मग परत फिरायचं. मित्र खूश झाला: अंतर वाढलं.

एवढं सगळं जुळत आलं होतं, मुक्कामांना आगाऊ पैसेही पाठवायचे होते, तेवढ्यात मालवणच्या मामाचा फोन आला. सायकलचं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. ‘रेल्वे असा, एस्टी असा, मगे सायकलीन कित्याक येतंस?’ इथपासून सुरुवात झाली. मी तारखा सांगितल्या. तो थांबला. मग म्हणाला, त्याच दिवशी आंगणेवाडीची जत्रा आहे, काल तारीख लागली.

भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस कुठल्या पंचांगात सापडत नाही. तिथी ठरलेली नाही. डाळपस्वारीचा विधी होतो, देवीचा कौल मिळतो आणि मग गाव दिवस जाहीर करतं. लाखांनी माणसं येतात, मुंबईहून जादा गाड्या सुटतात, मसुऱ्यापासून मालवणपर्यंत पडवी मिळाली तरी नशीब. आम्ही आचऱ्यावरून मालवणला जाणार होतो, म्हणजे त्या गर्दीच्या अगदी अंगावरून. मित्राने लगेच नकाशा काढला: देवगडहून सरळ आत शिरून कणकवली, कुडाळ, आणि महामार्गाने सावंतवाडी. शेवटी तो महामार्गावर आलाच. मी म्हटलं, सगळंच एक आठवडा पुढे ढकलू. पुढच्या आठवड्यात त्याला रजा नाही.

मामाला दुसऱ्या दिवशी हे सांगितलं. तो ऐकून घेतल्यासारखं करून म्हणाला, ‘जत्रा सोडून खंय जातलंस? सायकली आमच्या पडवेत ठेव, देवीच्या पाया पड, जेव, झोप आणि मगे जा गोव्याक.’ मुक्काम कुठे करायचा हा प्रश्न सुटला. दिवस एक वाढला, मडगावचं परतीचं तिकीट बदलावं लागणार आहे, आणि मित्राला रजेच्या अर्जात कारण काय लिहावं हे सुचत नाहीये. ‘धार्मिक’ असं लिहून टाक, मी म्हटलं. त्याच्या साहेबांचं गाव कणकवलीजवळच आहे.